नोंद रुग्णाची, किल्ली कोणाकडे?

आयुष्मान भारत डिजिटल अभियानाखाली देशात उघडलेल्या ‘आभा’ खात्यांची संख्या २०२५च्या प्रारंभीच ७० कोटींच्या पुढे गेली. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा, त्यानंतर सहा केंद्रशासित प्रदेशांत चाचणी, २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर प्रारंभ आणि फेब्रुवारी २०२२मध्ये पाच वर्षांसाठी १६०० कोटी रुपयांची तरतूद, असा या अभियानाचा प्रवास. एवढ्या अल्प काळात एवढ्या लोकांना चौदा अंकी आरोग्य क्रमांक देणे ही गोष्ट लहान नव्हे. तिचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु कौतुकाच्या टाळ्या ओसरल्यावर एक साधा हिशेब मांडला पाहिजे. त्याच सुमारास या खात्यांना जोडलेल्या आरोग्य नोंदींची संख्या ५० कोटींच्या आसपास होती. म्हणजे सरासरी काढली, तर एका खात्यामागे एक कागदसुद्धा नव्हता! बँकेने समारंभपूर्वक खाते उघडावे, पासबुक हाती द्यावे आणि त्यात जमेची एकही ओळ नसावी, तशी ही अवस्था होती.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मुंबई-पुण्याला येणारा रुग्ण आजही प्लास्टिकच्या पिशवीत क्ष-किरण चित्रे, रक्ताचे अहवाल आणि चिठ्ठ्या कोंबून आणतो. पिशवी भिजली किंवा एसटीत राहिली, की त्याच्या आजाराचा सारा इतिहास संपतो आणि तपासण्यांचे चक्र पहिल्यापासून सुरू होते. मग खाते कशासाठी उघडले? त्यात नोंद टाकायची कोणी? आणि ती टाकली जात नसेल, तर अडवतो आहे कोण? या प्रश्नांची उत्तरे टाळून केवळ खात्यांचे आकडे मिरवणे हे आत्मवंचनेचे लक्षण ठरेल.

उपहास करणाऱ्यांचा मुखभंग

सार्वजनिक आरोग्यात संगणक, उपग्रह किंवा मोबाइलचे नाव काढले, की एका वर्गाच्या कपाळावर ठरलेली आठी चढते. जिथे साधी गोळी मिळत नाही, तिथे हे थेर कशाला, असा त्यांचा सूर असतो. हा सूर वरकरणी गरिबांच्या कळवळ्याचा वाटतो. प्रत्यक्षात गरिबाने जुन्यापान्यावरच समाधान मानावे, ही त्यामागची गृहीत भूमिका असते. नवी साधने श्रीमंतांच्या दवाखान्यात शोभतात आणि सरकारी दवाखान्यात मात्र ती उधळपट्टी ठरतात, हा कोठला न्याय?

घडलेला इतिहास या उपहासाला पुरेसे उत्तर देतो. ‘इस्रो’ने २००१ साली उपग्रहाच्या साहाय्याने दूरवैद्यकाचा प्रयोग केला, तेव्हा अनेक प्रगत देशांतही ही कल्पना बाल्यावस्थेत होती. क्षयरोग्यांची नोंद ठेवणारे ‘निक्षय’ पोर्टल २०१२ साली सुरू झाले. त्याच पायावर एप्रिल २०१८पासून प्रत्येक नोंदणीकृत क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात देण्याची योजना उभी राहिली आणि नोव्हेंबर २०२४पासून ती रक्कम १००० रुपये झाली. नोंदच नसती, तर हे पैसे मधल्या कोणाच्या खिशात गेले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

महामारीच्या काळातील उदाहरण तर ताजेच आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले; २१ ऑक्टोबर २०२१ रोजी १०० कोटी आणि १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला गेला. १७ सप्टेंबर २०२१ या एकाच दिवशी अडीच कोटींच्या आसपास मात्रा दिल्या गेल्या. या प्रत्येक मात्रेची नोंद ‘कोविन’वर झाली आणि प्रमाणपत्र नागरिकाच्या हाती पडले. मोहालीच्या ‘सी-डॅक’ने विकसित केलेल्या ‘ई-संजीवनी’ची बाह्यरुग्ण सेवा १३ एप्रिल २०२० रोजी, ऐन टाळेबंदीत सुरू झाली. फेब्रुवारी २०२३पर्यंत तिच्यावरून १० कोटी सल्ले दिले गेले होते. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासमोर बसलेल्या वृद्धेला शहरातील तज्ज्ञाचा सल्ला बसचे भाडे न मोजता मिळतो, ही गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी नाही.

टीकाकारांचे एक म्हणणे मात्र खरे होते आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. १ मे २०२१पासून १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुले झाले, तेव्हा ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. परिणामी शहरातील चपळ बोटांच्या तरुणांनी खेड्यांतील केंद्रांवरच्या जागा पटकावल्या आणि गावकरी आपल्याच केंद्राबाहेर पाहत उभे राहिले. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची सोय झाली. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मेच्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले. या चुकीतून निघालेला धडा असा की, तंत्रज्ञान हे दार असावे, कुंपण नव्हे. ज्याच्याकडे मोबाइल नाही, त्याच्यासाठी कागदाचे दार कायम उघडेच राहिले पाहिजे.

कायदा आहे, धाक नाही

अडथळा यंत्रात नसेल, तर तो आहे कोठे? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या पाहणीनुसार देशातील आजारांपैकी जेमतेम ३० टक्के आजारांवर सरकारी दवाखान्यांत उपचार होतात. उरलेले सारे खासगी क्षेत्राकडे जातात. म्हणजे रुग्णाच्या नोंदींचा फार मोठा साठा खासगी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांच्या ताब्यात आहे. त्यांनी तिजोरी उघडली नाही, तर सरकारने कितीही खाती उघडली, तरी ती रितीच राहणार.

या नोंदींची मालकी कोणाची, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांत स्पष्ट म्हटले आहे, की नोंदीतील माहिती रुग्णाच्या मालकीची असून रुग्णालय ती केवळ विश्वस्त म्हणून सांभाळते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच रुग्णाला किंवा त्याच्या नातलगांना कागदपत्रांच्या प्रती देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य ठरवले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारविषयक विनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत प्रती दिल्या पाहिजेत आणि नोंदी संगणकावर ठेवण्याचा प्रयत्न झाला पाहिजे. ऑगस्ट २०२३मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले, पण ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि २००२चेच विनियम पुन्हा लागू झाले. म्हणजे संगणकीकरणाचा उपदेश कागदावर येऊन दोन तपे होत आली. उपदेश तिथेच आहे आणि कागदही तिथेच आहे!

‘आमच्याकडे तशी यंत्रणा नाही’ हे नेहमीचे उत्तर मोठ्या रुग्णालयांच्या तोंडी शोभत नाही. विमा कंपनीकडे मंजुरी मागायची असते, तेव्हा याच रुग्णालयांचा संगणक क्षणार्धात जागा होतो. निदान, तपासण्या, औषधे, खोलीचे भाडे सारे काही दशांश चिन्हासकट पलीकडे पोहोचते. देयकासाठी यंत्रणा आहे आणि रुग्णासाठी ती नाही, यावर विश्वास कोणी ठेवावा? खरी गोष्ट वेगळीच आहे. ज्याची फाइल आपल्या कपाटात, तो रुग्ण आपला बांधलेला, हा त्यामागचा व्यापारी हिशेब आहे. नोंद मोकळी झाली, तर रुग्ण दुसरे मत घेऊ शकेल, दरांची तुलना करू शकेल आणि तीच तपासणी चौथ्यांदा करण्यास नकार देऊ शकेल. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१४-१५ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६२.६ टक्के भार कुटुंबांच्या खिशावर पडत होता. २०२१-२२पर्यंत तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे, पण उरलेल्या भारात अकारण पुन्हा केलेल्या तपासण्यांचा वाटा नाही, असे कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबाला छातीठोकपणे सांगता येईल काय?

डॉक्टर मंडळींचे एक म्हणणे येथे विचारात घेतले पाहिजे. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालावर विसंबून शस्त्रक्रिया करणे धोक्याचे ठरू शकते, आणि चूक झाली तर जबाबदारी अखेर डॉक्टरवरच येते. हे खरे आहे. परंतु त्यावरचा उपाय प्रयोगशाळांचा दर्जा तपासून प्रमाणित करणे हा आहे. नोंद दडवून ठेवणे हा नव्हे. पुन्हा तपासणी करायची की नाही, हे जुना अहवाल पाहिल्यानंतर ठरावे, तो न पाहताच ठरू नये. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरची अडचणही खरी आहे. दिवसाला शंभर रुग्ण तपासणाऱ्याने टंकलेखन करायचे, की नाडी पाहायची? म्हणूनच सक्तीची सुरुवात लहान दवाखान्यापासून नव्हे, तर मोठ्या रुग्णालयांपासून आणि प्रयोगशाळांपासून व्हायला हवी.

केवळ आर्जवाने आणि अनुदानाने हे साधत नाही, याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. तेथे २००९ साली कायदा करून रुग्णालयांना संगणकीकरणासाठी अब्जावधी डॉलरचे प्रोत्साहन दिले गेले. कागद गेले, संगणक आले. पण एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याला मिळेना. अखेर २०१६ साली ‘माहिती अडवणे’ हाच गुन्ह्यासारखा दंडनीय प्रकार ठरवणारा कायदा करावा लागला. भारतानेही जानेवारी २०२३पासून नोंदी जोडणाऱ्या रुग्णालयांना आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना पैसे देणारी प्रोत्साहन योजना सुरू केली. अमेरिकेच्या पहिल्या पायरीवर आपण पोहोचलो. दुसरी पायरी चढण्यासाठी सात वर्षे थांबलेच पाहिजे, असे नाही.

सरकारी घरातील जळमटे

खासगी रुग्णालयांना खडसावण्याचा अधिकार हवा असेल, तर शासनाने आधी स्वतःचे घर झाडले पाहिजे. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चालणारी संगणक प्रणाली जुलै २०२२मध्ये कंत्राटाच्या वादातून बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली. ज्या रुग्णालयांत राज्यभरातील गोरगरीब येतात, तेथील वर्षानुवर्षांच्या नोंदी एका कंत्राटावर अवलंबून ठेवल्या जाव्यात, याला दूरदृष्टी म्हणता येणार नाही. घर बांधताना किल्ली गवंड्याकडेच ठेवण्यातला हा प्रकार झाला.

नोंद ठेवण्याच्या दर्जाविषयीही डोळ्यांत अंजन घालणारे उदाहरण आहे. आयुष्मान भारत जन आरोग्य योजनेवरील नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांपुढे एकच मोबाइल क्रमांक लिहिलेला आढळला आणि तो होता दहा वेळा नऊ! लाभार्थी ठरवताना मोबाइल क्रमांकाला महत्त्व नसते, असा खुलासा सरकारने केला. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल. परंतु रकाना भरण्यापुरताच भरण्याची वृत्ती त्यातून दिसली, ती खुलाशाने पुसली जात नाही. आकड्याचे उद्दिष्ट वरून आले, की खाली असेच नऊ-नऊ-नऊ उमटतात.

आणि हे रकाने भरते कोण? एप्रिल २००५मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून उभी राहिलेली ‘आशा’ स्वयंसेविका. देशातील अशा सुमारे दहा लाख भगिनींचा जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२मध्ये गौरव केला. गौरवाचे मानपत्र एका हाती आणि दुसऱ्या हाती कामांची न संपणारी यादी, अशी त्यांची स्थिती आहे. गर्भवतीची नोंद एका पोर्टलवर, क्षयरोग्याची दुसऱ्या, मधुमेह-रक्तदाबाची तिसऱ्या आणि आरोग्य क्रमांकाची चौथ्या. घर तेच, माणसे तीच, नावे तीच. पण लिहायची मात्र पुनःपुन्हा. मोबाइलला डोंगराळ पाड्यावर संदेशवहन मिळत नाही म्हणून ती टेकडीवर चढते किंवा रात्री घरी बसून माहिती भरते. महाराष्ट्रातील आशांनी ऑक्टोबर २०२३ आणि जानेवारी २०२४मध्ये संप केला, तेव्हा मानधनाबरोबर ऑनलाइन कामांच्या ओझ्याचाही प्रश्न पुढे आला होता. त्याकडे केवळ संघटनांच्या राजकारणाचा भाग म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. यंत्र माणसाचे श्रम वाचवण्यासाठी असते. ज्या यंत्रामुळे बाळंतिणीच्या घरी घालवायचा वेळ पडद्यावर खर्ची पडतो, ते यंत्र ‘दुखणे म्हशीला, औषध पखालीला’ या म्हणीचे उदाहरण ठरते.

विश्वास गेला तर सारे गेले

नोंदी मोकळ्या करा, या मागणीची दुसरी बाजू म्हणजे त्या चव्हाट्यावर येऊ नयेत, ही दक्षता. क्षयरोग, मानसिक आजार, गर्भपात, एचआयव्ही यांची माहिती बाहेर फुटली, तर मुलीचे लग्न मोडते, तरुणाची नोकरी जाते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर झालेल्या सायबर हल्ल्यात पाच सर्व्हरांवरील माहिती कुलूपबंद झाली आणि देशातील सर्वोच्च रुग्णालय सुमारे दोन आठवडे कागदावर चालले. जून २०२३मध्ये ‘कोविन’वरील माहिती ‘टेलिग्राम’वर मिळत असल्याच्या बातम्यांनी खळबळ उडाली, पोर्टल सुरक्षित असल्याचे सरकारने सांगितले, पण लोकांच्या मनात शंका राहिली ती राहिलीच.

ब्रिटनने या बाबतीत मोठी किंमत मोजली आहे. २००२ साली आरंभलेला तेथील राष्ट्रीय संगणकीकरण कार्यक्रम अब्जावधी पौंड खर्चून २०११ साली गुंडाळावा लागला. त्यानंतर रुग्णांच्या नोंदी एकत्र करण्याची ‘केअर डॉट डेटा’ योजना आली. लोकांना नीट विश्वासात न घेतल्यामुळे तीही २०१६ साली सोडून द्यावी लागली. याउलट चिमुकल्या एस्टोनियाने २००८पासून चालवलेल्या व्यवस्थेत आपली नोंद कोणत्या डॉक्टरने केव्हा उघडून पाहिली, हे नागरिकाला स्वतः पाहता येते. ब्रिटन तंत्रज्ञानात कमी पडले असे नाही. ते कमी पडले विश्वास मिळवण्यात.

भारतीय अभियानाची रचना मुळात शहाणपणाची आहे. सर्व नोंदी एका ठिकाणी न साठवता, त्या जिथे तयार झाल्या तिथेच ठेवायच्या आणि रुग्णाच्या संमतीने पुढे पाठवायच्या, असे तिचे सूत्र आहे. परंतु सूत्राला कायद्याचे पाठबळ तोकडे आहे. आरोग्यविषयक माहितीसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा मार्च २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तो मागे पडला. ऑगस्ट २०२३मध्ये व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा झाला. मात्र २०१९च्या विधेयकात आरोग्याच्या माहितीला ‘संवेदनशील’ म्हणून जे वेगळे स्थान होते, ते या कायद्यात उरले नाही. पिझ्झा मागवल्याची नोंद आणि कर्करोगाची नोंद एकाच तराजूत तोलणे शहाणपणाचे नाही.

मागणी स्पष्ट असावी

म्हणून केवळ स्तुती किंवा केवळ निंदा यांच्या पलीकडे जाऊन काही ठोस गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे, मोठ्या रुग्णालयांना आणि प्रयोगशाळांना रुग्णाच्या इच्छेनुसार त्याची नोंद त्याच्या खात्यात जमा करणे बंधनकारक व्हावे. क्रमांक घेणे नागरिकाला ऐच्छिक आहे आणि तसेच राहावे. परंतु नागरिकाने मागितल्यावर नोंद देणे रुग्णालयाच्या मर्जीवर राहता कामा नये. महाराष्ट्राला त्यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली २०२१ साली नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद आणता आली, तर त्याच मार्गाने नोंदणीच्या नूतनीकरणाला ही अट जोडता येईल.

दुसरी गोष्ट, एका माणसाची माहिती एकदाच लिहिली जावी आणि ती सर्व पोर्टलांवर आपोआप पोहोचावी. तोवर आशा भगिनींवर नवे अॅप लादू नये आणि जे काम दिले, त्याचे साधन आणि मोबदलाही द्यावा. तिसरी, कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या प्रणालीचे कंत्राट करताना नोंदी शासनाच्या ताब्यात राहतील आणि कंत्राट संपले तरी काम थांबणार नाही, हे कलम पहिल्या पानावर असावे. चौथी, आरोग्य माहितीसाठी स्वतंत्र कायदा व्हावा आणि आपली नोंद कोणी पाहिली, हे पाहण्याचा हक्क नागरिकाला मिळावा. पाचवी, क्रमांक नाही म्हणून किंवा मोबाइल नाही म्हणून एकाही रुग्णाला रुग्णालयाच्या दारातून परत पाठवले जाऊ नये.

सुशिक्षित कुटुंबांचेही येथे कर्तव्य आहे. रुग्णालयातून घरी परतताना देयकाची पावती जपून ठेवणारे किती जण संपूर्ण नोंदीची प्रत लेखी मागतात? ७२ तासांचा नियम न मागणाऱ्याला लागू होत नाही. ज्यांना इंग्रजी अर्ज लिहिता येतो, त्यांनी आग्रह धरला, तर ज्यांना तो लिहिता येत नाही, त्यांची वाट सोपी होते. वस्त्यांमधून आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनीही खात्यांची संख्या हे उद्दिष्ट मानू नये. गर्दी उरकण्यासाठी दहा जणांच्या खात्यांना एकाच कार्यकर्त्याचा मोबाइल क्रमांक देण्याचा मोह टाळावा, कारण उद्या संमतीचा संदेश त्याच क्रमांकावर येणार आहे. खाते उघडून देणे हे अर्धे काम. त्यात पहिला अहवाल जमा करून देणे आणि सांकेतिक क्रमांक कोणालाही सांगू नये, हे समजावणे, हे उरलेले अर्धे.

संगणकाच्या पडद्याने डॉक्टरची जागा भरत नाही आणि क्रमांकाने औषध मिळत नाही, हे खरे. पण एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाताना ज्याला आपल्याच आजाराची साक्ष पुनःपुन्हा द्यावी लागते, त्या सामान्य माणसाच्या हाती त्याची नोंद असणे ही दया नव्हे, तो हक्क आहे. देशाने कुलूप स्वदेशी बनवले, ते उत्तमही बनवले. आता किल्ली ज्याची त्याच्या हाती देण्याचे धैर्य दाखवावे!